दोन परभाषा, आणि मधे हरवलेलं ‘मला’

दुसऱ्या वर्षी जपानीच्या भाषांतराच्या पेपरात मला केटी लागली, म्हणजे नापास होऊन तो पेपर पुन्हा द्यायची वेळ आली. त्याच आठवड्यात जर्मनच्या ओरलला मॅडमनी माझं वाक्य अर्ध्यावर थांबवलं आणि पुन्हा म्हणायला सांगितलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा तीच चूक. दोन्हीकडे चूक एकच होती, हे कळायला पुढचे पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत दोनदा कोर्स सोडायचा विचार केला होता. नव्याने प्रवेश घेणाऱ्यांचे तेवढे महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

माझी पदवी व्यावसायिक भाषांतराची. मुख्य भाषा जर्मन, दुसरी जपानी, दोन्ही शून्यापासून. घर कळव्याला, विद्यापीठ नवी मुंबईत. म्हणजे रोज ठाण्याला उतरायचं आणि पूल चढून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायची. जर्मन घेतली कारण कळव्यातला सीमेन्सचा कारखाना लहानपणापासून डोळ्यांसमोर होता. जपानी घेतली कारण बुलेट ट्रेनला जपानी तंत्रज्ञान आणि शिवडी-न्हावाशेवा पुलाला, म्हणजे आताच्या अटल सेतूला, जायका या जपानच्या सरकारी मदतसंस्थेचं कर्ज. एवढी मोठी कामं म्हणजे ढीगभर कागद, आणि कागद आले की भाषांतर आलंच, असा माझा हिशोब. तो हिशोब चुकला नाही. चुकली ती शिकायची वाट.

जर्मनच्या परीक्षांच्या ए१ ते सी२ आणि जपानीच्या एन५ ते एन१ या सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या पायऱ्या तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही. आता मुख्य गोष्ट.

केटी लागल्यावर मी पेपरची झेरॉक्स मागून घेतली. पहिल्याच पानावर ‘मला कुत्रे आवडतात’ या अर्थाचं वाक्य होतं. मी लिहिलं होतं, ‘वाताशि वा इनु ओ सुकि देसु’. त्यातल्या ‘ओ’भोवती, म्हणजे कर्माला लागणाऱ्या प्रत्ययाभोवती, लाल गोल. खाली ‘मला जपानी समजतं’ : ‘निहोंगो ओ वाकारिमासु’. पुन्हा ‘ओ’भोवती गोल. ‘मला गाडी हवी आहे’, तिथेही ‘ओ’, तिथेही गोल. पेपरभर असे गोल होते. सगळीकडे ‘गा’ हवं होतं आणि मी ‘ओ’ लिहीत सुटले होते. नियम मला माहीत होता, वहीत नीट लिहिलेलाही होता. पण पेपर लिहिताना हात ‘ओ’कडेच जायचा.

जपानीच्या मॅडमकडे तो कागद घेऊन गेले. त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, “हे मराठीत म्हण.”

“मला कुत्रे आवडतात.”

“कुत्र्यांना म्हणालीस का?”

“नाही. कुत्रे.”

“मग ‘ला’ कोणाला लागलाय?”

“मला.”

“आणि क्रियापद कोणाप्रमाणे बदलतंय?”

कुत्रे आवडतात, मांजर आवडतं, भाकरी आवडते. क्रियापद माझ्याकडे ढुंकून बघत नाही, ते कुत्र्यामागे चाललेलं असतं. म्हणजे वाक्याचा कर्ता कुत्रा. कर्त्याला ‘गा’. मॅडम म्हणाल्या, “तू इंग्रजीतून येतेस म्हणून कुत्रा तुला कर्म वाटतो.”

सापळा तो हाच. आमचं जपानीचं पुस्तक इंग्रजीतून समजावणारं, वर्गात स्पष्टीकरण इंग्रजीत, माझी शाळाही इंग्रजी माध्यमाची. ‘आय लाइक डॉग्ज’मध्ये आवडण्याचं काम ‘मी’ करते, कुत्रा कर्म होतो, आणि कर्माला जपानीत ‘ओ’ लागतो हे पहिल्या महिन्यातच पक्कं झालेलं. घरी दिवसभर ‘मला’, ‘मला’ करणारी मी वर्गात शिरताना ते ‘मला’ बाहेर ठेवून येत होते. आवडणे म्हणजे सुकि, हवं असणे म्हणजे होशिई, समजणे म्हणजे वाकारु, एखादी गोष्ट येणे म्हणजे देकिरु. ‘मला जपानी येतं’ हे वाक्य जपानीत जवळजवळ असंच उभं राहतं: ‘निहोंगो गा देकिमासु’. इंग्रजीत या चारही ठिकाणी ‘आय’ पुढे येऊन बसतो आणि घोटाळा करतो.

त्या रात्री जर्मनची वही काढली. ओरलला मी म्हणाले होते, ‘इश बिन काल्ट’. म्हणायचं होतं की मला थंडी वाजते; जर्मन माणसाला त्यातून ऐकू येतं की मी थंड स्वभावाची आहे. बरोबर वाक्य ‘मिअर इस्ट काल्ट’. ‘मिअर’ म्हणजे मला. मग वहीत ‘मिअर’ शोधत गेले. ‘दास बूख गेफेल्ट मिअर’, पुस्तक मला आवडतं. ‘एस श्मेक्ट मिअर’, मला हे चविष्ट लागतं. ‘एस टूट मिअर लाइट’, मला वाईट वाटतं. आणि मी निबंधात लिहून ठेवलेलं ‘इश गेफाल्ल’, म्हणजे ‘मी आवडते’, तेही पुस्तकाला! वर्षभर मी हे लिहीत होते आणि प्रत्येक वेळी नवीन चूक समजून वेगळी पाठ करत होते. दोन भाषा, दोन पेपर, दोन वह्या, आणि दोन्हींत तेच ‘मला’ गायब.

म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत तीन रकाने आखा: मराठी, जर्मन, जपानी. इंग्रजीचा रकाना नको. इंग्रजीशी माझं वैर नाही, पुढे कामात ती रोज लागणारच आहे. पण नवी रचना शिकताना तिला मधे दलाल म्हणून बसवलंत तर ती दोन्ही बाजूंना आपलं कमिशन लावते. शब्दाचा अर्थ इंग्रजीतून घ्यायला हरकत नाही. वाक्य मात्र आधी मराठीत म्हणा, तेही पुस्तकी मराठीत नको, आईशी बोलता तशा मराठीत.

जपानीला तर मराठी माणसाने घाबरायचं कारणच नाही. ‘वाताशि वा काळवा नि सुंदे इमासु’ : मी कळव्याला राहते. शब्दांचा क्रम तोच, ‘नि’च्या जागी आपला ‘ला’, क्रियापद शेवटी. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणे, आणि ‘मिरु’चा मूळ अर्थ बघणे हाच आहे. ‘शिते ओकु’ म्हणजे करून ठेवणे, आणि ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. घरातून निघताना जपानी माणूस ‘इत्ते किमासु’ म्हणतो, ते शब्दशः आपलं ‘जाऊन येते’. आमच्या पुस्तकात त्याचा इंग्रजी अर्थ ‘मी निघते’ असा दिला होता. त्यातलं ‘येते’ पुस्तकाने खाऊन टाकलं. मी कळव्याच्या घरातून रोज ‘येते गं’ म्हणून निघत होते आणि हे मला दुसऱ्या वर्षापर्यंत दिसलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

आता उलट बाजूचा इशारा, कारण हे कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. मराठीचा ‘ला’ दिसला की जर्मनमध्ये चतुर्थी, म्हणजे दातीव, ठोकायला लागले. शाळेतला विभक्तीचा तक्ता आठवा: द्वितीया स, ला, ते, चतुर्थी स, ला, ते. दोन्ही सारख्याच! मराठीत ते चालून जातं, जर्मनमध्ये ‘ईन’ आणि ‘ईम’ वेगळे. ‘मी त्याला बघते’ इथे ‘ईन’, ‘मी त्याला मदत करते’ इथे ‘ईम’. ओळखायचं कसं? माणसाच्या जागी निर्जीव वस्तू घालून बघा. ‘मी घर बघते’, ‘ला’ गळून पडला, म्हणजे ती द्वितीया. ‘मी घराला मदत करते’, वाक्य विचित्र आहे पण ‘ला’ चिकटून राहिला, म्हणजे चतुर्थी. ही युक्ती बऱ्याच ठिकाणी चालते, सगळीकडे नाही. विचारणे आणि फोन करणे, म्हणजे ‘फ्रागन’ आणि ‘आनरूफन’, या दोन ठिकाणी ती फसवते. मराठीत ‘ला’ पक्का, जर्मनमध्ये तरीही ‘ईन’. ही दोन क्रियापदं सरळ पाठ करा.

लिंगांचंही तसंच. तीन लिंगं असणं आपल्याला नवं नाही, तो-ती-ते तोंडात बसलेलं आहे. ‘मेडशन’, म्हणजे मुलगी, जर्मनमध्ये नपुंसकलिंगी असल्याचं वर्गात सगळ्यांना नवल वाटलं. पण लेकरू, वासरू, पाखरू, कोकरू ही सगळी आपल्याकडे ‘ते’च. लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागला की नपुंसक, एवढंच. मात्र कोणत्या शब्दाचं लिंग कोणतं, यात मराठीवर अजिबात विसंबू नका. सूर्य आपला ‘तो’, त्यांची ‘झोन’ स्त्रीलिंगी. प्रत्येक नाम देअर, दी किंवा दास हा लिंग दाखवणारा शब्द लावूनच लिहा. सुटं नाम लिहिलेलं पान मी आता फाडून टाकते.

आणि कांजीला, म्हणजे जपानीतल्या चिनी चित्राक्षरांना, मराठीचा काडीचा उपयोग नाही. तिथे हाताने लिहिण्याला पर्याय नाही. रोमाजीत, म्हणजे रोमन लिपीत, जपानी शिकवणाऱ्या क्लासला जाऊ नका. हे मी ठणकावून सांगते. पहिले दोन महिने सोपे जातात आणि पुढे वर्षभर ते सोपेपण फेडत बसावं लागतं. इथे मी जपानी वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत ती तुम्हाला वाचता यावीत म्हणून. तुमच्या वहीत हिरागाना, म्हणजे जपानीची उच्चारांप्रमाणे लिहायची लिपी, हवी. ‘तीन महिन्यांत बी१’ अशा पाट्या स्टेशनाबाहेर दिसतील, त्यांनाही लांबूनच नमस्कार. मोबाइलवरच्या भाषांतराचं म्हणाल तर ते वापरा, पण आपलं वाक्य लिहून झाल्यावर. आधी वापरलंत तर चूक तुमची होत नाही, आणि स्वतःची चूक झाल्याशिवाय काही बसत नाही. माझं तरी बसलं नाही.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत थोडं हट्टी आहे. ज्याची ती मातृभाषा आहे त्याच्याकडून बोलणं शिका, पण व्याकरण अशा माणसाकडून शिका जो स्वतः मराठीतून ती भाषा शिकला आहे. तो कुठे पडला होता हे त्याला आठवत असतं. मला नोट्स देणारी एक सीनियर होती, अतिशय हुशार आणि मनाने चांगली. तिच्या नोट्समुळे मी पहिलं वर्ष पार केलं आणि त्याच नोट्समुळे दुसऱ्या वर्षी अडकले, कारण त्यांत उत्तरं होती, चुका नव्हत्या. मॅडमच्या त्या पाच मिनिटांनी जे झालं ते त्या नोट्सच्या दीडशे पानांनी झालं नव्हतं.

वेळेचं थोडक्यात सांगते. दोन्ही भाषा एकाच वेगाने पुढे न्यायचा हट्ट धरू नका. एकीला निदान एक पायरी पुढे राहू द्या. मी सकाळी गाडीत कांजीची कार्डं बघते, आणि रात्री जर्मन. ऐरोली-रबाळे येईपर्यंत दहा कार्डं झाली तर झाली, नाही तर नाही. दोन भाषांच्या मधे निदान जेवण असावं.

पदवीचे गुण आणि परीक्षेची पायरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लवकर समजून घ्या. काम देणारे पायरी विचारतात. गोएथे या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेच्या बी१ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण हे चार भाग असतात, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात आणि चारही भाग वेगवेगळे देता येतात. अडला तो एकच भाग पुन्हा द्यायचा, हा मोठा आधार आहे. जेएलपीटी, म्हणजे जपानीची एन५ ते एन१ची परीक्षा, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. तिच्यात बोलणंही नाही आणि लिहिणंही नाही, नुसते पर्याय निवडायचे. एन४ला १८० पैकी ९० लागतात, शिवाय श्रवणात ६० पैकी १९ आणि बाकीच्यात १२० पैकी ३८ हे किमान गुण वेगळे. एकूण गुण भरले पण श्रवणात १८ आले, तर नापास. आणि तोंड न उघडता एन४ मिळू शकतं, म्हणून ते मिळालं की आपल्याला जपानी बोलता येतं असं धरून चालू नका. मी तसं धरलं होतं, आणि ऐरोलीतल्या पहिल्याच मुलाखतीत साध्या प्रश्नाला शब्द फुटला नाही.

केटी लागली असेल तर घाबरू नका, खरंच. लागलेल्या बऱ्याच जणी आज हेच काम करत आहेत. फक्त पेपरची झेरॉक्स मागायला लाजू नका. ती घ्या, शांत ठिकाणी बसा. मी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात बसले होते. १८९३ सालची संस्था, भोवती सगळी मराठी पुस्तकं, आणि तिथेच मला माझी मराठी परत सापडली. तुमच्या चुका मोजा, पण गुणांप्रमाणे नको, जातीप्रमाणे मोजा. माझ्या पेपरात एकूण सतरा लाल गोल होते. त्यातले अकरा ‘ओ’भोवती होते.