‘नॅचरल’ डबा आणि डोप टेस्ट: खेळाडूंनो, या चुका टाळा

पावसाळा सरला की रायगड-रत्नागिरीत कबड्डीचे सामने लागतात आणि त्याच सुमाराला जिममध्ये ‘टेस्ट बूस्टर’चे, म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढवतो म्हणणाऱ्या सप्लिमेंटचे, डबे फिरू लागतात. बरेचसे दुबई-मस्कतच्या मामाने आणलेले. मंडळाच्या रात्रीच्या सामन्यांत कुणी लघवीचा नमुना मागत नाही, म्हणून पोरं निर्धास्त. राष्ट्रीय स्पर्धेत मात्र नाडाची (देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेची) माणसं असतात, आणि ती स्पर्धा नसतानाही घरी येऊ शकतात.

‘दुकानात उघड मिळतं, मग चालत असणार’
डीएचईए हे हार्मोन अमेरिकेत सप्लिमेंट म्हणून बिनचिठ्ठीचं विकतात. वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, यादीत ते बारमाही बंद आहे. लेबलवर प्रास्टेरोन (हे डीएचईएचंच दुसरं नाव), ऑस्टरिन, लिगँड्रॉल, इब्युटामोरेन किंवा ‘ॲन्ड्रोस्ट’ असलेलं लांबलचक रासायनिक नाव दिसलं, तर डबा मामाला परत.

लेबलवर विश्वास
ही चूक सर्वांत महाग पडते. कोलोनच्या प्रयोगशाळेने २०००-०१ मध्ये १३ देशांतून घेतलेली, हार्मोन नसल्याचं सांगणारी ६३४ सप्लिमेंट तपासली. त्यातल्या ९४ मध्ये लेबलवर नसलेली स्टेरॉइडं निघाली. गिरणीत मिरचीनंतर लगेच तांदूळ दळला तर भाकरी तिखट लागते. एकाच यंत्रावर हार्मोन आणि प्रोटीन भरणाऱ्या कारखान्यात तेच होतं. काही ठिकाणी तर ‘असर’ दिसावा म्हणून मुद्दाम घालतात. दोन आठवड्यांत दंड फुगवणारी ‘आयुर्वेदिक’ पावडर असेल, तर आधी संशय घ्या.

२०११ चं रिले प्रकरण आठवा. अश्विनी अक्कुंजी, सिनी जोस, मनदीप कौर या २०१० च्या आशियाई सुवर्णपदक विजेत्या धावपटूंच्या नमुन्यात ॲनाबॉलिक स्टेरॉइड सापडलं. प्रशिक्षकाने चीनहून आणलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांमुळे हे झालं, असा बचाव झाला. भारतातल्या समितीने एक वर्षाची बंदी घातली. २०१२ मध्ये क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली आणि लंडन ऑलिंपिक हुकलं. गोळी प्रशिक्षकाने दिली असली तरी शरीर तुमचं, जबाबदारीही तुमचीच. जिमच्या ‘सर’च्या हातून काही घेताना हे लक्षात असू द्या.

सप्लिमेंट घ्यायचंच असेल तर बॅचनिहाय तपासणीचा शिक्का असलेलं घ्या, तो बॅच नंबर तपासणाऱ्या संस्थेच्या यादीत शोधा आणि बिल व लेबलचा फोटो ठेवा. त्याच बॅचचा एक डबा सीलबंद राहू द्या. स्टेरॉइडची बंदी चार वर्षांपर्यंत असते; भेसळ सिद्ध झाली तर ताकीद ते दोन वर्षं. रिकामा डबा फेकून दिलात तर सिद्ध काय करणार? खरं तर घरात कुळीथ, अंडी आणि बांगडा असताना विशीच्या पोराला डबा लागतोच कशाला, हे अजून कुणी पटवून दिलेलं नाही. घाई असते, बाकी काही नाही.

सायकलनंतरच्या गोळ्या
‘सायकल’ म्हणजे स्टेरॉइडचा कोर्स. तो संपल्यावर घेतात त्या टॅमॉक्सिफेन, क्लोमिफेन, लेट्रोझोलही बारमाही बंद. स्टेरॉइड सुटलं तरी या गोळ्या पकडून देतात.

गुडघ्यातलं इंजेक्शन
२०२२ पासून स्पर्धेच्या काळात कॉर्टिकोस्टेरॉइडचं कुठलंही इंजेक्शन चालत नाही. त्यातलं ट्रायमसिनोलोन सांध्यात घेतलं तर स्पर्धेआधी निदान १० दिवस, कमरेच्या स्नायूत घेतलं तर ६० दिवस अंतर लागतं. डॉक्टरांकडून औषधाचं नाव, मात्रा, जागा आणि तारीख लिहून घ्या.

खोकल्याचं औषध
विरारच्या क्रिकेटपटू पृथ्वी शॉवर २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधात असणाऱ्या टर्ब्युटॅलिनमुळे आठ महिन्यांची बंदी आली. सिरपची बाटलीही वाचा.

खरंच आजार आहे, तरी गप्प
इन्सुलिन हेही यादीतलं हार्मोन. मधुमेही खेळाडूने टीयूई, म्हणजे उपचारासाठीची सूट, स्पर्धेच्या निदान ३० दिवस आधी मागावी. थकवा आणि जरा कमी आलेला टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट एवढ्यावर ती मिळत नाही. थायरॉइडची नेहमीची गोळी आणि गर्भनिरोधक गोळ्या चालतात. त्या घाबरून बंद करू नका.

नमुन्याच्या वेळची हुशारी
बाटल्या रिचवून लघवी पातळ केली तर पुन्हा नमुना द्यावा लागतो; ९० मिली लागतेच. फॉर्मवर गेल्या सात दिवसांतलं प्रत्येक औषध आणि सप्लिमेंट लिहा. नमुना न देता मागच्या दाराने सटकलात तर तोही नकारच धरतात, आणि त्यालाही चार वर्षांपर्यंत बंदी आहे.