विणून झालेलं कार्डिगन शिवायचं कसं आणि मापात बसवायचं कसं

पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या सगळं विणून झालं की कधी एकदा शिवून अंगात घालते असं होतं, पण प्लीज लगेच सुई हातात घेऊ नका. आधी सगळे भाग धुवून मापाला लावा. खरी लोकर असेल तर कोमट पाण्यात लिक्विड सोप घालून वीसेक मिनिटं भिजवायचे, पिळायचे अजिबात नाहीत, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे आणि गादीवर चादर घालून टेपने मोजत मोजत टाचण्या लावून पूर्ण सुकू द्यायचे. ॲक्रेलिक असेल (आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून बरंचसं तेच मिळतं) तर इस्त्री कधीच टेकवायची नाही. मी एकदा टेकवली, बाहीचा तेवढा भाग लुळा पडला तो पडलाच. वाफ एक-दीड इंच वरूनच द्या.

मग आधी खांदे शिवायचे, चांगले पक्के, कारण सगळं वजन तिथेच येतं. खांदे सैल पडतात असं वाटलं तर मागच्या गळ्यापासून खांद्यापर्यंत आतून बारीक कॉटनची पट्टी शिवून टाका. बाही लावताना तिच्या वरच्या कडेचा मध्य खांद्याच्या शिवणीवर टाचायचा आणि तिथून दोन्हीकडे खाली यायचं. बाजूची शिवण मात्र सुलट बाजूनेच घालायची. कडेच्या पहिल्या आणि दुसऱ्या टाक्याच्या मधे जरा ताणून बघा, शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे दोरे दिसतात. एक पायरी इकडची उचलायची, एक तिकडची, असं दोनेक इंच झालं की दोरा हळूच ओढायचा. दोन्ही कडा मिटतात आणि शिवण कुठे आहे ते शोधावं लागतं, हे बघायला मला अजूनही फार आवडतं.

पण पक्कं शिवायच्या आधी कच्चे टाके घालून एकदा अंगात घालून बघाच. आतून ब्लाऊज-ड्रेस असतो त्यामुळे छातीच्या मापापेक्षा तीन-चार इंच जास्त हवं. थोडं ढगळ असेल तर शिवण एक-दोन टाके आत घ्या, त्याहून जास्त घेतलं तर आत जाड वळ येतो. आईच्या कार्डिगनची बाही दोन इंच लांब झाली होती, तेव्हा अख्खी उसवायची गरज पडली नाही. बाहीची शिवण मोकळी केली, जिथे कापायचं त्याच्या वरच्या ओळीतले सगळे टाके बारीक सुईवर घेतले, खालच्या ओळीतला एकच दोरा कापून ती ओळ सोडवली, बॉर्डर वेगळी झाली, आणि सुईवरच्या टाक्यांवरून खाली नवी बॉर्डर विणली. टाके आधी सुईवर घेतल्याशिवाय कात्री लावू नका हं.

बटणपट्टी शेवटी. साध्या विणीत कडेला चार ओळींमागे तीन टाके उचला, जास्त झाले तर पट्टी लाटांसारखी फुगते, कमी झाले तर पुढचा भाग वर ओढला जातो. बायकांच्या कार्डिगनला काजं उजव्या पट्टीवर. पहिलं बटण छातीच्या सगळ्यात रुंद जागी ठरवायचं, बाकीची त्यावरून सारख्या अंतराने, म्हणजे मधे फट पडत नाही. बटणाच्या मागे आतून एक छोटं चपटं बटण लावलंत तर लोकर ओढली जात नाही.

आणि नंतर कधीही धुतलं तरी दोरीवर वाळत घालू नका, पाण्याच्या वजनाने लांबतं, आडवंच पसरून सुकवा.