आजोळच्या तुळईतून घराची पाटी
आजोळचं घर उतरवलं तेव्हा सागाची एक तुळई मी मागून घेतली. आधी पकडीने सगळे खिळे काढा; एक जरी राहिला तरी रंध्याचं पातं जातं. 2 फूट लांब, 8 इंच रुंद फळी पुरते. रंधा समोरूनच मारा. धुराने काळवंडलेली पाठ मी तशीच ठेवली, आजीच्या चुलीची खूण ती. घराचं नाव ‘माऊली’ कार्बन पेपरने फळीवर उतरवा. कोरताना खरी कसोटी शिरोरेषेची. ती लाकडाच्या रेषांबरोबरच धावते, पटाशी घसरली की लांब ढलपी निघते. म्हणून आधी दोन्ही टोकांना 3 मिलिमीटर खोल आडवा छेद द्या, मगच मधलं लाकूड थोडंथोडं काढा. वेलांटीला अर्धगोल पटाशी. शेवटी जवसाच्या तेलाचे 3 हात. तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकू नका, आपोआप पेटतात, पसरून वाळवा.