परिवहन समितीचं टिपण काढताना: आधी आयईबीआरचा रकाना बघा

संसदेच्या परिवहन, पर्यटन व संस्कृती स्थायी समितीवरच्या खासदाराकडे संशोधन सहायक म्हणून रुजू झालात, की खरी धांदल फेब्रुवारीत उडते. १ तारखेला अर्थसंकल्प येतो, पुढे अधिवेशनाला सुट्टी लागते आणि तेवढ्या आठवड्यांत समितीला रस्ते, विमान वाहतूक, बंदरे, पर्यटन, संस्कृती अशा पाच मंत्रालयांच्या अनुदान मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चासाठी संसदेकडे मागितलेल्या रकमा, तपासायच्या असतात. सदस्य ३१: लोकसभेचे २१, राज्यसभेचे १०. तुमच्या खासदाराच्या वाट्याला फार तर दोन-तीन प्रश्न येतात. त्यातला एक जरी चुकीच्या आकड्यावर उभा असला, तर मंत्रालयाचे सचिव तो एका वाक्यात आडवा करतात आणि तुमचं पुढचं टिपण कोणी उघडत नाही.

चूक बहुतेक एकाच जागी होते. रस्ते मंत्रालयाची तरतूद २०२१-२२ मध्ये १,१८,१०१ कोटी होती, २०२२-२३ मध्ये १,९९,१०८ कोटी झाली. नवखा माणूस लगेच लिहितो, ‘तरतुदीत ६९ टक्के वाढ’. थांबा. २०२१-२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण बाजारातून ६५,००० कोटींचं कर्ज उभारणार होतं. ती रक्कम मंत्रालयाच्या तरतुदीत धरलेली नव्हती. ती आयईबीआरमध्ये, म्हणजे अंतर्गत व अर्थसंकल्पबाह्य साधनांत (सरकारी उपक्रमाने स्वतः कमावलेल्या किंवा कर्जाने उभारलेल्या पैशात) होती. पुढच्या वर्षी हा आकडा शून्य केला, कारण प्राधिकरणावरचं कर्ज साडेतीन लाख कोटींच्या आसपास गेलं होतं. कर्जाची जागा थेट सरकारी पैशाने घेतली.

आता बेरीज पुन्हा करा. १,१८,१०१ अधिक ६५,००० म्हणजे १,८३,१०१ कोटी. तिथून १,९९,१०८ म्हणजे वाढ जेमतेम ९ टक्के. एकट्या प्राधिकरणाचे आकडे तर आणखी फसवे: ५७,३५० वरून १,३४,०१५ कोटी, दुपटीहून जास्त! कर्ज धरलं तर १,२२,३५० वरून १,३४,०१५, साधारण साडेनऊ टक्के. पैसा दुसऱ्या खिशातून आला, रस्ता तेवढाच.

म्हणून क्रम असा ठेवा. मागणीच्या पत्रकाच्या शेवटी ‘सार्वजनिक उपक्रमांतील गुंतवणूक’ हा तक्ता असतो. त्यात तीन रकाने: अर्थसंकल्पीय आधार, आयईबीआर, एकूण. आधी तो उतरवून घ्या, मग वर जा. वर ढोबळ आणि निव्वळ असे दोन आकडे दिसतील. राखीव निधीतून भागवलेला खर्च ‘वसुली’ म्हणून वजा होतो, तेव्हा तुलना निव्वळ आकड्यांचीच करा. तिसरं, तुलना कशाशी करता ते लिहा. तेच १,९९,१०८ कोटी मागच्या वर्षाच्या सुधारित (वर्ष चालू असताना दुरुस्त केलेल्या) अंदाजाशी ताडले तर वाढ ५२ टक्के दिसते, मूळ अंदाजाशी ताडले तर ६९. दोन्ही हिशेब बरोबर आणि दोन्ही अपुरे. आणि २०२२-२३ ओलांडून जाणारा कुठलाही आलेख आयईबीआरशिवाय काढूच नका.

वाचताना डोकं गरगरतं, पण एक मंत्रालय हाताने उतरवलंत की बाकीची चार सोपी जातात. हाताने म्हणजे हातानेच. तयार तक्ता उचलणाऱ्याला कुठला रकाना गळला ते कळत नाही.

किलोमीटरचंही असंच. २०२०-२१ मध्ये १३,३२७ किलोमीटर महामार्ग ‘बांधले’, २०२१-२२ मध्ये १०,४५७. या लांबीत रुंदीकरण आणि मजबुतीकरणही मोजलेलं असतं. ‘रोज किती’ हे विचारण्यापेक्षा नवीन किती, रुंद किती, आणि कंत्राट दिलेली लांबी किती, हे तोडून मागा. मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर येतं.

समितीच्या अहवालातला फक्त ठळक मजकूर वाच, असं सांगणारे ज्येष्ठ प्रत्येक कार्यालयात भेटतात. त्यांचं ऐकू नका. ठळक भागात शिफारस असते; मंत्रालयाने काय कबूल केलं ते वरच्या साध्या परिच्छेदांत असतं. समिती सचिवालयातला शांतपणे फाइल चाळणारा अधिकारी हा टीव्हीवरच्या दहा तज्ज्ञांपेक्षा चांगला गुरू. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात हे खरं, पण तीन महिन्यांत केलेल्या कार्यवाहीचं उत्तर द्यावं लागतं. त्यावरून शिफारशी चार गटांत लागतात: मान्य झालेल्या, समितीने पुढे न रेटलेल्या, उत्तर न पटलेल्या, अंतिम उत्तर बाकी असलेल्या. तिसरा गट हीच तुमच्या पुढच्या प्रश्नांची खाण.

बैठकीत तुम्हाला बसता येत नाही. कागद मात्र हाताशी असतात, आणि अहवाल पटलावर ठेवेपर्यंत ते गोपनीय असतात. पत्रकार मित्राला ‘फक्त एक पान’ पाठवलंत तर हक्कभंगाचं प्रकरण खासदाराच्या अंगाशी येऊ शकतं. इथे मात्र कसलीच सवलत धरू नका.

महाराष्ट्र विधिमंडळातल्या समित्यांसाठी काम करणार असाल तर वाट निराळी. सार्वजनिक बांधकाम विभाग लोकलेखा समितीपुढे येतो तो कॅगच्या (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या) अहवालावर, म्हणजे पैसा खर्च झाल्यानंतर; एसटी महामंडळाची तपासणी सार्वजनिक उपक्रम समिती करते. तिथे टिपणाच्या पहिल्या ओळीत कॅगच्या परिच्छेदाचा क्रमांक लिहायचा आणि खर्च कुठल्या वर्षाचा ते त्याच्या शेजारीच.