एलसीची सफाई करताय? आधी या चुका टाळा

एलसी म्हणजे लिक्विड क्रोमॅटोग्राफी, नमुन्यातले घटक कॉलममधून वेगळे करणारी सिस्टीम. ब्लँकमध्ये (नमुना नसलेल्या रनमध्ये) पीक, म्हणजे आलेखावरचं टोक, दिसला की नव्या मुलांचा हात पहिल्यांदा आयसोप्रोपॅनॉलच्या बाटलीकडे जातो. घाण कुठून येतेय हे न बघता अख्खी सिस्टीम रात्रभर धुवायला लावायची, हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. सॉल्व्हंट जातो, दिवस जातो आणि पीक जिथल्या तिथे.

आधी मूळ शोधा. इंजेक्शन न देता ग्रेडियंट (पाण्यात ऑरगॅनिक सॉल्व्हंट हळूहळू वाढवत नेणं) चालवा. तरीही पीक आला तर ऑटोसॅम्पलर (नमुना आपोआप टोचणारा भाग) उघडून बसू नका. सुरुवातीचं इक्विलिब्रेशन (सुरुवातीच्या मिश्रणाने कॉलम स्थिर करणं) 10 मिनिटांऐवजी 30 मिनिटं ठेवा. पीक वाढला तर संशय पाण्याच्या लाइनवर घ्यायचा, कारण तेवढा वेळ घाण कॉलमच्या तोंडाशी साठते आणि ऑरगॅनिक वाढला की एकदम सुटते. एलसी-एमएसवर (एलसीला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर) बॅकग्राउंड सतत दिसत असेल तर कॉलमच्या जागी युनियन (नळ्यांचा साधा जोड) लावून बघा.

एका औषध कंपनीच्या लॅबमधून अशाच तक्रारीसाठी बोलावणं आलं होतं. स्पेक्ट्रममध्ये (आयनांच्या वस्तुमानाच्या आलेखात) 371, 415, 459 अशी 44 च्या अंतराने शिडी लागलेली. ही पीईजीची, म्हणजे डिटर्जंटमधून येणाऱ्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलची, खूण. त्यांनी कॉलम बदलला होता, सोर्स (आयन तयार करणारा भाग) उघडून पुसला होता, सगळ्या लाइन्समधून आयसोप्रोपॅनॉल सोडलं होतं. धुतल्यावर जरा बरं, नवा मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा सॉल्व्हंट) लावला की पुन्हा तेच. मी ए लाइनला, म्हणजे पाण्याच्या लाइनला, नवा इनलेट फिल्टर लावला आणि ती एलसी-एमएस ग्रेड पाण्याच्या सीलबंद बाटलीत सोडली. शिडी खाली बसत गेली. मग त्यांची ग्लासवेअर धुण्याची खोली बघितली: मोबाइल फेजच्या बाटल्या बाकी काचसामानाबरोबर डिटर्जंटने निघत होत्या. सिस्टीम कितीही धुवा, बाटलीतून साबण रोज परत येणारच.

माझ्याकडे एलसी-एमएसच्या बाटल्या वेगळ्या असतात. त्यांना डिटर्जंट लागत नाही. आयसोप्रोपॅनॉल, मग पाणी, मग जो भरायचा तोच मोबाइल फेज, एवढ्याने खंगाळायच्या. उरलेल्या बफरवर नवा बफर ओतायचा नाही. बाटलीच्या तोंडाला पॅराफिल्म गुंडाळायची नाही. स्पेक्ट्रममध्ये 391 दिसला तर थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करणारं रसायन) आहे का बघा, प्लॅस्टिकची नळी किंवा डबा शोधा.

दुसरी चूक बघून जीव तुटतो. फॉस्फेट बफर संपला की घाईघाईत थेट 100% एसीटोनायट्राइल! क्षार पंपातच बाहेर पडतात, चेक व्हॉल्व्ह अडकतो, प्लंजर सील खरवडला जातो. मी आधी 10% मिथेनॉल घातलेलं पाणी निदान अर्धा तास सोडते, मगच ऑरगॅनिक. अर्धा तास थांबायचा धीर नसेल तर पंपाला हात लावू नये.

आयसोप्रोपॅनॉल घट्ट असतं, फ्लो मिनिटाला 0.2 मिलीपासून सुरू करा आणि प्रेशरवर नजर ठेवा. धुताना सोर्सची लाइन सोडवून वेस्टमध्ये घ्या, नाहीतर सुटलेली घाण डिटेक्टरमध्ये जाऊन बसते.

नायट्रिक ॲसिडने धुण्याची वेळ आलीच तर कॉलम आणि डिटेक्टर दोन्ही बाजूला काढा. ॲसिडच्या आधी आणि नंतर भरपूर पाणी सोडा. वेस्टची बाटली रिकामी, वेगळी लावा आणि झाकण घट्ट बसवू नका: ऑरगॅनिक सॉल्व्हंटमध्ये नायट्रिक मिसळलं की गॅस साठून बाटली फुटू शकते.