ॲबसिंथ पिताना या चुका टाळा, आणि सगळ्यात आधी ती पेटवणं थांबवा

ॲबसिंथ म्हणजे वर्मवुड, अनीस (बडीशेपेसारख्या वासाचं बी) अशा वनस्पतींपासून बनणारी कडक दारू. तिची बाटली उघडली की दोन गोष्टी हमखास होतात, कुणीतरी विचारतं की ही प्यायल्यावर खरंच भास होतात का, आणि दुसरा कुणीतरी खिशातून लायटर काढतो. माझं ठाम मत आहे की या दोन गैरसमजांमुळेच इतकी सुंदर दारू बहुतेकांना कधी नीट चाखायलाच मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी लायटरचं बोलू. साखर ॲबसिंथमध्ये बुडवून पेटवायची ही पद्धत शंभर वर्षं जुनी आहे असं सांगतात, पण ती १९९० च्या दशकात चेक प्रजासत्ताकात सुरू झाली. तिथल्या बऱ्याच ब्रँडमध्ये अनीस एवढं कमी असतं की पाणी घातल्यावर ती दुधाळ होतच नाही, तेव्हा बघण्यासारखं उरतं ते फक्त आग. चांगली ॲबसिंथ जाळली की जळक्या साखरेची चव सगळ्या वनस्पतींवर बसते, आणि धोका वेगळाच, कारण ही दारू ४५ ते ७४ टक्के अल्कोहोलची असते. १९०१ साली फ्रान्समधल्या पोंतार्लिए गावात पेर्नो या ॲबसिंथ बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यावर वीज पडली तेव्हा स्फोट होऊ नये म्हणून टाक्या उघडून ॲबसिंथ वाहू द्यावी लागली होती, ती थेट दू नदीत गेली. तेव्हा ग्लासात ज्योत असताना वरून बाटली ओतणं तर कधीच नको.

आता खरी मजा जिथे आहे ते पाणी, आणि सगळ्यात जास्त चुका पण इथेच होतात. शॉट मारू नका, पाणी न घालता तशीच पिऊ नका. ३० मिली ॲबसिंथला साधारण ९० ते १५० मिली पाणी लागतं, आणि ते बर्फासारखं गार हवं, बर्फ ग्लासात नाही तर पाण्याच्या जगमध्ये टाका. पाणी एकदम ओतायचं नाही, अगदी बारीक धार किंवा थेंब थेंब. मी पहिल्यांदा घाईत अर्धा ग्लास पाणी एकदम ओतलं होतं आणि हातात आलं ते नुसतं पांचट बडीशेपेचं पाणी, दुसऱ्या वेळी पाच मिनिटं देऊन हळूहळू घातलं तर तीच बाटली ओळखू येईना. होतं काय की अनीस आणि बडीशेपेतलं अनेथॉल, म्हणजे त्यांना वास देणारा तेलकट घटक, कडक अल्कोहोलमध्ये विरघळलेलं असतं पण पाण्यात विरघळत नाही, पाणी वाढलं की त्याचे बारीक बारीक थेंब वेगळे होतात, त्यावर प्रकाश विखुरतो आणि ग्लास दुधाळ होतो. याला लूश म्हणतात, आणि त्याच वेळी वास पण उमलतो, म्हणून नाक ग्लासाजवळ ठेवून पाणी घाला. तीन पट पाण्यावर थांबून एक घोट घ्या, कडक वाटली तर अजून थोडं.

पाणी घालूनही दुधाळ झालीच नाही? मग तुमचं काही चुकलं नाही, बाटलीत अनीस पुरेसं नाहीये.

साखर ऐच्छिक आहे. जाळीदार चमच्यावर क्यूब ठेवून त्यावरून पाणी सोडणं दिसायला छान, पण आधी बिनसाखरेची चाखा, रंगहीन ब्लांशला तर बऱ्याचदा साखर लागतच नाही.

भासांबद्दल. वर्मवुड ही दवण्याच्या कुळातली वनस्पती, तिच्यात थुजोन नावाचं रसायन असतं आणि सगळा दोष त्याच्या माथी मारला जातो. थुजोन फार मोठ्या डोसमध्ये झटके आणतं हे खरं, पण झटके म्हणजे रंगीत स्वप्नं नव्हेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक देशांत ॲबसिंथवर बंदी आली होती, त्या बंदीआधीच्या १३ जुन्या बाटल्या २००८ मध्ये तपासल्या तर लिटरमागे सरासरी साधारण २५ मिलिग्रॅमच थुजोन निघालं, आज युरोपची मर्यादा किलोमागे ३५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे थुजोन काही करायच्या कितीतरी आधी अल्कोहोलच तुम्हाला आडवं करेल. 'जास्त थुजोन' असं लिहून विकणाऱ्यांची बाटली घेऊच नका.

मग बंदी का आली? १९०५ मध्ये स्वित्झर्लंडच्या कोम्युनी गावात झां लानफ्रे नावाच्या माणसाने गरोदर बायको आणि दोन मुलींचा खून केला. त्या दिवशी त्याने भरपूर वाइन आणि ब्रँडी प्यायली होती, पण नाव झालं ते दोन ग्लास ॲबसिंथचं. १९०८ ला सार्वमत, १९१० पासून स्विस बंदी, अमेरिकेत १९१२, फ्रान्समध्ये १९१५. ब्रिटन आणि स्पेनने मात्र कधीच बंदी घातली नाही. स्वित्झर्लंडने २००५ मध्ये बंदी उठवली, अमेरिकेत २००७ पासून मिळते पण तिथे थुजोन दहा लाखात १० भागांच्या आत लागतं, फ्रान्सचा जुना कायदा २०११ ला रद्द झाला. त्यामुळे 'बेकायदेशीर आहे' किंवा 'सगळीकडे चालते' दोन्ही डोळे झाकून मानू नका, बाटली एका देशातून दुसऱ्या देशात न्यायच्या आधी त्या देशाचा नियम बघा.

घरी वर्मवुड व्होडकात भिजवून ॲबसिंथ होत नाही, हे कळकळीने सांगतो. त्यातला कडूपणा ऊर्ध्वपातनात मागे राहतो म्हणून खरी ॲबसिंथ फारशी कडू नसते, नुसतं भिजवलं की सगळा कडूपणा घशात. आणि वर्मवुडचं तेल तर तोंडाला पण लावू नका, ते दारूपेक्षा कितीतरी पट तीव्र असतं, १९९७ मध्ये इंटरनेटवरून मागवलेलं हे तेल ॲबसिंथ समजून प्यायलेल्या ३१ वर्षांच्या माणसाच्या किडन्या निकामी झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय.

राहिलं बाटली ठेवायचं. नैसर्गिक हिरवा रंग क्लोरोफिलचा असतो, उजेडात तो वाळक्या पानासारखा तपकिरी होतो, म्हणून अंधाऱ्या कपाटात ठेवा. रंग उतरला म्हणजे दारू खराब झाली असं नाही, उलट वर्षानुवर्षं निऑनसारखी हिरवीगार राहणारी बाटली बघून मला शंका येते. फ्रिजमध्ये ठेवू नका, गारठ्यात अनेथॉल गोठून पांढरे कण तरंगू शकतात, तसं झालंच तर फेकून देऊ नका, बाहेर काढून ठेवा, खोलीच्या तापमानाला आली की हलकेच हलवा, परत विरघळतात.