चवथीचं गोड आणि मधुमेह

चवथीला घरोघरून नेवऱ्यांचे, म्हणजे करंज्यांचे, डबे येतात. मधुमेह आहे म्हणून नुसतं बघत बसायला नको. गोड जेवणातच घ्या, तेवढा भात कमी वाढून. रिकाम्या पोटी मात्र नको. मला विचाराल तर तळलेल्या नेवरीपेक्षा हळदीच्या पानात वाफवलेली पातोळी बरी, पण एकच. तेल नसलं तरी तांदळाचं पीठ आणि चुनातला, म्हणजे नारळाच्या सारणातला, गूळ रक्तातली साखर वाढवतातच. ‘गूळ चालतो’ हे मनातून काढाच! मणगणे या खिरीतही चण्याच्या डाळीसोबत गूळ, साबुदाणा असतो; दोन-चार चमचे पुरे. जेवायला बसल्यापासून २ तासांनी साखर तपासा, आपल्याला काय सोसतं ते नेमकं कळेल. आणि आरती लांबणार असेल तर जेवणाआधीचं इन्सुलिन पान वाढल्यावरच घ्या, नाहीतर साखर एकदम उतरते.